सख्खा शेजारी गेल्यावर: आठवणी जमवण्याची, लिहिण्याची आणि जपण्याची रीत

शेजारी गेला म्हणून शेजाऱ्याला सुतक लागत नाही. त्यासाठी कार्यालयात रजा मागता येत नाही, निधनवार्तेत 'त्यांच्या पश्चात' या शब्दांनंतर जी यादी येते तीत त्याचे नाव नसते, आणि दहाव्याला तो घाटावर गेला तरी मागच्या रांगेत उभा राहतो. तेरावा झाला की नातेवाईक आपापल्या गावी परततात, आणि समोरचे बंद दार दिवसातून दहा वेळा पाहणारा माणूस तेवढा मागे उरतो. कल्याणच्या आमच्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर माझ्या दारासमोर राहणाऱ्या माई गेल्या, तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळाच्या त्या शेजाराचे आता काय करायचे हे मला उमगत नव्हते. पुढच्या वर्षभरात आम्ही इमारतीतल्या लोकांनी मिळून जे केले, त्यातले काही चुकले आणि काही बऱ्यापैकी साधले. त्या अनुभवावरून ही रीत मांडली आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. माणसाचा जन्म, शिक्षण, लग्न, नोकरी, आजारपण हे सारे घरच्यांना ठाऊक असते. शेजाऱ्याला ठाऊक असतो तो त्याचा रोजचा दिवस: दार किती वाजता उघडायचे, पोळपाटाचा आवाज केव्हा यायचा, कोणाला जिन्यातूनच परत पाठवले जायचे आणि कोणाला आत बसवून चहा दिला जायचा. हा ऐवज घरच्यांजवळही नसतो, विशेषतः मुले परगावी असतील तर. म्हणून शेजाऱ्याने जपायचे आणि लिहायचे ते हेच. जीवनचरित्र लिहिण्याच्या भरीस त्याने पडू नये.

पहिल्या तेरा दिवसांत

या दिवसांत आठवणींचे काम मनातच ठेवावे आणि हाताला येईल ते काम करावे. ज्या घरी चूल पेटत नाही तेथे पिठलं-भात किंवा वरण-भात पोहोचवणे, येणाऱ्यांसाठी खुर्च्या आणि पिण्याचे पाणी ठेवणे, परगावाहून आलेल्यांना आपल्या घरी अंघोळीची आणि झोपण्याची सोय करून देणे, हा शेजारधर्म कोणाला शिकवावा लागत नाही. मात्र एकाच दिवशी पाच घरांतून पाच पातेली पिठलं जाते आणि दुसऱ्या दिवशी कोणीच काही नेत नाही, असे हमखास घडते; त्यामुळे कोणत्या दिवशी कोणी काय न्यायचे हे एका घराने ठरवून द्यावे. मृत्यूची नोंदणी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत करायची असते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर ती माहिती रुग्णालय कळवते, घरी झाला असेल तर घरच्यांना कळवावी लागते. शोकात हे राहून जाऊ शकते, आणि पुढे बँकेपासून सदनिकेच्या हस्तांतरणापर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच दाखला मागतात. तेव्हा हळूच आठवण करून देणे हे शेजाऱ्याचेच काम आहे.

आठवणींच्या बाबतीत या काळात एकच गोष्ट करावी. रात्री घरी आल्यावर, त्या माणसाशी झालेले आपले शेवटचे बोलणे जसेच्या तसे वहीत उतरवून ठेवावे. महिनाभरात त्याचे शब्द बदलतात, वर्षभरात ते आपल्याला हवे तसे होतात. माई मला शेवटचे जे बोलल्या ते काही फार मोलाचे नव्हते: "अगं, जिन्यातला दिवा दिवसाचा जळतोय, जाता जाता बंद कर." मी ते त्याच रात्री लिहिले म्हणून आज खात्रीने सांगू शकते, एरवी एव्हाना मी त्यांच्या तोंडी एखादा आशीर्वाद घातला असता. भेटायला येणारी माणसेही या दिवसांत पुष्कळ काही सांगतात, आणि घरच्यांचे तिकडे लक्ष नसते. कोपऱ्यात बसून ऐकावे आणि नंतर टिपून ठेवावे. समोर बसून वही उघडू नये. ते दिसायला वाईट दिसते.

घरच्यांना विचारणे

आपण काही लिहिणार असू, सभा घेणार असू किंवा पुस्तिका काढणार असू, तर तेराव्यानंतर घरातल्या कर्त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून विचारावे. फोनवर विचारल्यास माणूस भिडेखातर होकार देतो. काय करू का, हे विचारण्याइतकेच काय टाळू, हे विचारणे महत्त्वाचे आहे. आजाराचे नाव, जागेचा वाद, कोणाशी तरी धरलेला अबोला यांतले काहीतरी प्रत्येक घरात असते, आणि शेजाऱ्याला ते भिंतीपलीकडून माहीतही असते. माहीत असणे वेगळे आणि चारचौघांत सांगणे वेगळे.

नावाआधी काय लिहायचे, हेही तेव्हाच विचारून घ्यावे, कारण आपल्याकडे ही उपपदे धर्म आणि संप्रदाय यांच्याशी घट्ट बांधलेली आहेत. 'कै.' म्हणजे कैलासवासी. वारकऱ्यांच्या घरात 'वै.', म्हणजे वैकुंठवासी, असे लिहितात. लिंगायत घरात 'लिंगैक्य' म्हणतात. बौद्ध कुटुंबांत 'कालकथित' हा शब्द रूढ आहे. ख्रिस्ती माणसासाठी 'ख्रिस्तवासी' आणि मुसलमान माणसासाठी 'पैगंबरवासी' किंवा 'मरहूम' असे लिहिले जाते. पती हयात असताना गेलेल्या स्त्रीच्या नावाआधी 'कै. सौ.' लावण्याची पद्धत आहे, आणि काही घरांना ती हवीच असते. 'गं. भा.' मात्र कोणी आग्रहाने सांगितल्याखेरीज आता लिहू नये, असे माझे मत आहे. शंका असेल तेथे 'दिवंगत' हा शब्द कोणालाही चालतो, आणि शेजाऱ्याच्या लेखात उपपद नसले तरी बिघडत नाही. आम्ही पुस्तिकेवर नुसते 'माई' एवढेच छापले.

आठवणी गोळा करणे

खरे काम येथे आहे, आणि येथेच घाई होते. समाजमाध्यमावरच्या इमारतीच्या गटात 'माईंबद्दल दोन शब्द लिहा' असा निरोप टाकला, तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडल्याची चित्रे यांपलीकडे काही मिळत नाही. माझा पहिला प्रयत्न नेमका असाच वाया गेला. चाळीस उत्तरे आली आणि त्यांत माई कोठेच नव्हत्या.

त्याऐवजी एकेकाकडे जाऊन, बसून विचारावे. 'त्या कशा होत्या?' असे विचारले की 'फार प्रेमळ होत्या' असे उत्तर येते, आणि त्यात सांगणाऱ्याचा काही दोष नसतो; प्रश्नच तसा असतो. त्या तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या? त्यांच्याकडून तुम्ही शेवटची कोणती वस्तू मागून आणली होती? त्या तुमच्यावर कधी रागावल्या होत्या का, आणि कशावरून? त्यांच्या घरात तुम्ही नेहमी कोठे बसायचा? असे लहान आणि नेमके प्रश्न विचारले की माणूस थोडा थांबतो, मग हसतो आणि बोलू लागतो. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करावे, आणि त्याच संध्याकाळी ते ऐकून लिहून काढावे. साठलेली मुद्रणे नंतर कोणी ऐकत नाही.

कोणाला विचारायचे, याची यादी इमारतीच्या फाटकाबाहेरही जावी. इस्त्रीवाला, दूध टाकणारा मुलगा, भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी, पहारेकरी, घरकामाला येणाऱ्या ताई या माणसांना शोकसभेला कोणी बोलावत नाही, आणि यांनीच त्या माणसाला रोज पाहिलेले असते. माईंच्या घरी काम करणाऱ्या ताईंनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या मुलीलाही माहीत नव्हती. माई त्यांच्यासाठी रोज वेगळा चहा टाकत नसत. स्वतःचा पहिला चहा त्या येईपर्यंत घेतच नसत, आणि कधी उशीर झालाच तर "तुझ्यामुळे माझं डोकं चढलं" असे म्हणून रागवत.

तारखांचा मात्र घोळ होतो. 'बरीच वर्षे झाली' यापुढे आठवण सरकत नाही. अशा वेळी सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनांच्या खुंटीला ती टांगावी. ही गोष्ट किल्लारीच्या भूकंपाच्या, म्हणजे सप्टेंबर १९९३ च्या, आधीची की नंतरची? टाळेबंदीतली, म्हणजे मार्च २०२० नंतरची का? आमच्या इमारतीची खुंटी २६ जुलै २००५ ही आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इकडे कल्याणमध्ये पाणी तळमजल्यात शिरले. त्या रात्री माईंच्या दोन खोल्यांत तळमजल्यावरची किती माणसे झोपली, यावर आजही एकमत नाही. एक म्हणतात अकरा, दुसऱ्यांच्या मते चौदा, आणि त्या वेळी सहा वर्षांचा असलेला एक मुलगा ठामपणे सांगतो की एक मांजरही होते. असे मतभेद मिटवण्याचा प्रयत्न करू नये. कोणी काय सांगितले ते तसेच लिहावे. वाचणाऱ्याला त्या खोलीतली गर्दी त्यातूनच कळते. मांजराचा उल्लेख मी आवर्जून ठेवला, कारण माईंना मांजरे मुळीच आवडत नसत.

लेख लिहिणे

आधी लांबी ठरवावी. स्थानिक वर्तमानपत्रातल्या टिपणाला शंभरेक शब्द पुरतात, सभेत वाचायच्या मजकुराला चारशे, कारण सावकाश वाचले तर त्याला साधारण चार मिनिटे लागतात आणि त्यापुढे लोक खुर्चीत चुळबुळ करू लागतात. पुस्तिकेतला लेख हजार शब्दांपर्यंत गेला तरी हरकत नाही.

सुरुवात जन्मगाव आणि जन्मसाल यांनी करू नये. ती माहिती घरचे देतील. आपल्याला जे दिसायचे तेथून सुरुवात करावी. माझ्या पहिल्या खर्ड्यातले पहिले वाक्य असे होते: 'माई अत्यंत परोपकारी आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या व सर्वांच्या अडीअडचणीला त्या धावून जात.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही दिवंगत व्यक्तीला लागू पडते. ते खोडून मी लिहिले: 'माईंच्या दारामागे सात खिळे होते, आणि त्यांवर सात घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असत. दुसऱ्या मजल्यावरच्या किल्लीला लाल लोकर होती, आमच्या किल्लीला जुन्या घड्याळाचा पट्टा. अंधारातसुद्धा त्या चाचपून हवी ती किल्ली काढून देत.' परोपकार हा शब्द त्यानंतर लागलाच नाही. खर्डा झाल्यावर प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि त्याच्या जागी एखादी वस्तू, एखादे वाक्य किंवा एखादी वेळ ठेवता येते का ते पाहावे. बहुतेक वेळा येते. 'काळाने घाला घातला', 'कधीही भरून न येणारी पोकळी', 'त्यांच्या जाण्याने परिसरावर शोककळा पसरली' ही वाक्ये बातमीदारांसाठी सोडून द्यावीत.

एखादी खोड किंवा एखादा हट्ट लेखात अवश्य यावा. सगळे चांगलेच लिहिले तर तो माणूस ओळखू येत नाही, आणि ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना खरे काय ते माहीत असतेच. माई दुपारी दोन ते चार या वेळात मुलांना जिन्यात खेळू देत नसत, आणि त्यांनी दोन चेंडू जप्त करून ठेवले होते, ते मी लिहिले. सभेत लोक खुलले ते त्याच वाक्याला, आणि त्या दोन चेंडूंपैकी एकाचा मालक आता बँकेत अधिकारी आहे, हे तेव्हा कळले. मर्यादा एवढीच की, जे त्यांच्यासमोर म्हणता आले असते तेवढेच लिहावे.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. 'मी' आणि 'मला' हे शब्द किती वेळा आले ते मोजावे. शेजाऱ्याच्या आठवणीत स्वतःचेच चरित्र लिहून होणे फार सोपे असते. शिवाय, 'बसायच्या', 'म्हणायच्या', 'देत असत' अशी रीतीची भूतकाळी रूपे एकामागून एक येऊ लागली की लेख एकसुरी होतो. अशा वेळी मध्येच एक ठराविक दिवस घ्यावा आणि त्या एकाच दिवसाची हकिकत सांगावी.

सभा

सभेविषयी थोडक्यात सांगते. तेराव्यानंतरचा रविवार, संध्याकाळची वेळ, गच्ची किंवा वाहनतळ, आणि एकूण पाऊण तास पुरतो. बोलणारे पाचच असावेत, आणि त्यांना चार मिनिटांची मर्यादा आधीच सांगावी. छायाचित्र पासपोर्टासाठी काढलेले नसावे. नेहमीच्या कपड्यांतले, हसरे असावे. दोन मिनिटे स्तब्धता सुरुवातीला ठेवली तर उशिरा येणारे त्यात चपला वाजवत शिरतात, म्हणून ती शेवटी ठेवावी. घरच्यांना आयत्या वेळी 'तुम्हीही दोन शब्द बोला' असे कधीही म्हणू नये. लेख वाचणाऱ्याचा गळा दाटून आला तर पुढचे वाचण्यासाठी दुसऱ्या कोणाजवळ त्याची प्रत असावी. माझ्या बाबतीत ती वेळ तिसऱ्या परिच्छेदावर आली. आणि सूत्रसंचालक खमका असावा. आमच्याकडे एका गृहस्थांनी माईंपासून सुरुवात केली आणि तिसऱ्या मिनिटाला ते इमारतीच्या पुनर्विकासावर आणि वाढीव चटईक्षेत्रावर पोहोचले. रस्त्यावर फलक लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी लागते. माझे विचाराल तर तो लावूच नये.

आवाज, छायाचित्रे आणि वस्तू

आपल्या फोनमध्ये त्या व्यक्तीचे बोललेले निरोप असतील तर ते पहिल्याच आठवड्यात बाहेर काढून ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या व्यक्तीचा सगळा संवाद निर्यात करण्याची सोय आहे. त्यात ध्वनिनिरोपही घेता येतात. आपल्या फोनमधला संवाद आपण पुसल्याशिवाय जात नाही, पण आपला फोन बिघडतो, हरवतो, बदलला जातो. त्या व्यक्तीचे स्वतःचे खाते मात्र १२० दिवस वापरात नसेल तर सामान्यतः बंद केले जाते आणि त्याबरोबर नावापुढचे छायाचित्रही जाते, हे घरच्यांना सांगून ठेवावे. छायाचित्रे मागवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे. नेहमीसारखी पाठवली तर ती लहान होऊन येतात आणि छपाईत अस्पष्ट दिसतात. प्रत्येक छायाचित्राच्या नावातच साल, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे ते लिहावे. हे आज आपल्याला अनावश्यक वाटते, आणि दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी नसते.

पुस्तिका काढायची असेल तर मध्ये पिना मारायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून मजकूर १२ किंवा १६ पानांत बसवावा. डिजिटल छपाईत तीस-चाळीस प्रतीही काढून मिळतात. छपाईला देण्याआधी घरच्यांपैकी एकाने आणि घराबाहेरच्या एकाने वाचून पाहावे. आडनावातली वेलांटी चुकली तर लोक वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

इमारत पाडली जाणार असेल, आणि मुंबई-ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातल्या जुन्या इमारतींचे आज तेच चालले आहे, तर जागेचीही नोंद करावी. दार, नावाची पाटी, उंबरठ्यावरची झिजलेली जागा, जिन्याच्या वळणावरचा तो कोपरा जेथे बसून शेंगा सोलल्या जात, यांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत. शेजार हा जागेला चिकटलेला असतो, आणि पुढे नव्या इमारतीत बाराव्या मजल्यावर कोणाच्या समोर कोणाचे दार येईल ते चिठ्ठी टाकून ठरते.

वर्षाच्या तारखा

वर्षश्राद्ध घरचे करतील. शेजाऱ्याला स्वतःहून काही करावेसे वाटले तर परंपरेत त्याची सोय आहे, हे अनेकांना माहीत नसते. भाद्रपदातल्या पितृपक्षात जे महालय श्राद्ध होते, त्यात पितरांच्या लांबलचक यादीच्या शेवटाकडे गुरू, शिष्य आणि सखा यांनाही स्थान दिलेले आहे. ज्यांच्या घरी महालय होतो त्यांनी गुरुजींना आधी नाव सांगून ठेवावे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र सांगण्याची प्रथा आहे. इतर धर्मांत वेळा वेगळ्या आहेत: मुसलमान घरात चाळिसावा, बौद्ध घरात पुण्यानुमोदन, गोव्यातल्या ख्रिस्ती घरात सातव्या दिवसाची मिस्सा. तेथे बोलावण्याची वाट न पाहता, घरच्यांना विचारून जाऊन बसावे. तसे बसणे कोणालाही जड होत नाही. ज्यांचा यांपैकी कशावरही विश्वास नाही त्यांनी त्या दिवशी त्या माणसाचे एखादे नेहमीचे काम करावे. आमच्या जिन्यातला दिवा आता मी सकाळी बंद करते.

वस्तूंबाबत मात्र एक पथ्य पाळावे: आपण होऊन काहीही मागू नये. दिलीच तर लहान वस्तू घ्यावी, आणि ती काय आहे, कशी वापरली जायची, हे कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावे. नाहीतर पुढच्या पिढीला ती नुसती अडगळ वाटते. माईंच्या मुलीने घर आवरताना मला त्यांचे त्या वर्षीचे कालनिर्णय दिले. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले, कडेला तेलाचे बोट लागलेले. त्यातल्या चौकोनांत पेन्सिलीने खुणा होत्या, आणि त्यांचा अर्थ मी एका चिठ्ठीवर लिहून ते चिठ्ठीसकट पिशवीत ठेवले आहे. फुली म्हणजे दुधाचा खाडा. 'इ. ९' म्हणजे इस्त्रीला नऊ कपडे. 'समोर' म्हणजे मी. मी मुलीकडे पुण्याला गेले की आमच्या दुधाचे खाडेही माईच मांडत, आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी त्यावरून वाद घालत. माई ११ तारखेला गेल्या. त्याच महिन्याच्या १९ तारखेच्या चौकोनात लिहिले होते, 'समोर – गॅसची आठवण करणे'. मी १९ तारखेला सिलिंडरची नोंदणी केली.